पत्त्यातला ‘नसतो’ कुठे गेला?

एका शाळेच्या विज्ञान मंडळातील मुलांनी गेल्या पावसाळ्यात स्वतःचे संकेतस्थळ सुरू केले. कल्पना साधी होती. वर्गात पडलेले प्रश्न, त्यासाठी केलेले प्रयोग आणि सापडलेली उत्तरे प्रत्येकी एकेका पानावर लिहून ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना आणि इतर शाळांनाही ती शोधता येतील. या कामात आम्ही मदतीला होतो. आठवीच्या एका गटाने विजेरी, चेंडू आणि अंधारी खोली एवढ्या साहित्यावर चंद्रकलांचा प्रयोग केला आणि पानाला मथळा दिला, ‘चंद्राचा प्रकाश स्वतःचा नसतो’. पान चढवून झाले. पत्ता वहीत उतरवून घेताना एका मुलीच्या लक्षात आले, की पत्त्याच्या शेवटी लिहिले आहे ‘चंद्राचा-प्रकाश-स्वतःचा’. ‘नसतो’ गायब! पानावर एक विधान आणि पत्त्यात त्याच्या नेमके उलट.

संगणक चुकला, असे मुलांनी लगेच ठरवून टाकले. पण तो चुकला नव्हता. त्याने फक्त मोजले होते. काय मोजले आणि कसे, हे समजण्यासाठी पत्ता म्हणजे काय ते आधी पाहायला हवे.

पत्ता वाचायचा कुठून?

आपण पोस्टाचा पत्ता लिहितो तो लहानाकडून मोठ्याकडे. घर, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा. पोस्टाचे काम मात्र उलट दिशेने चालते. पत्र आधी जिल्ह्याकडे जाते, मग गावाकडे, शेवटी घराकडे. ही उलटी वाट सोपी व्हावी म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मूळचे कोकणातले, आणि संस्कृतातले नामवंत कवी. ४११०३० या क्रमांकातील पहिला ४ विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून वर्गवारीचा जिल्हा म्हणजे पुणे सांगतात आणि शेवटचे तीन अंक सदाशिव पेठेचे टपाल कार्यालय सांगतात. म्हणजे अंक असूनही तो अर्थपूर्ण आहे. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

महाजालावरचा पत्ता थोडा गमतीदार आहे. एक कल्पित पत्ता घेऊ:

एचटीटीपीएस://विज्ञान.आमचीशाळा.भारत/प्रयोग/चंद्रकला

सुरुवातीचा तुकडा कोणत्या पद्धतीने बोलायचे ते सांगतो. त्यानंतरच्या दोन तिरप्या रेघांची खरे तर गरज नव्हती, असे महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००९ मध्ये मोकळेपणाने कबूल केले होते. पुढचा, टिंबांनी जोडलेला भाग म्हणजे यंत्राचे नाव. तो उजवीकडून डावीकडे वाचायचा: ‘भारत’मधली ‘आमचीशाळा’, तिच्यातला ‘विज्ञान’ विभाग. हा आपल्या पोस्टाच्या पत्त्यासारखाच, लहानाकडून मोठ्याकडे जातो. यंत्रांना खरे तर अंक कळतात. नावावरून अंक शोधून देणारी व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली आणि तीच आजही आपले काम करते. त्यानंतर येते एकेरी तिरपी रेघ, आणि तिथून दिशा उलटते. ‘प्रयोग’ हा मोठा कप्पा, त्यात ‘चंद्रकला’ हे पान. म्हणजे सर्वांत मोठी गोष्ट पत्त्याच्या मध्यभागी, आणि दोन्ही बाजूंना लहान लहान होत जाणाऱ्या. फळ्यावर लिहून दाखवले तर मुलांना हे फार आवडते.

शेवटच्या तुकड्याला संगणकवाले ‘स्लग’ म्हणतात. हा शब्द त्यांनी वृत्तपत्रांकडून उचलला. छापखान्यात शिशाच्या ओतीव पट्टीला स्लग म्हणत, आणि संपादकीय कचेरीत बातमीला ओळखीपुरते जे छोटे नाव देत त्यालाही स्लगच. आपली सगळी गोष्ट या स्लगभोवती फिरते.

एका ‘न’ला नऊ जागा

पत्त्यात कोणती चिन्हे चालतील याचे नियम ठरले तेव्हा फक्त रोमन अक्षरे, अंक आणि काही मोजकी विरामचिन्हे विचारात घेतली होती. १९९४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या नियमावलीत देवनागरीला जागाच नव्हती. मग मराठी अक्षर पत्त्यात जाते कसे? वेष बदलून.

प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला युनिकोडमध्ये एक क्रमांक आहे. देवनागरीचे क्रमांक २३०४ पासून २४३१ पर्यंत आहेत. हे क्रमांक साठवण्याची यूटीएफ-८ ही रीत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केली. तिच्यात पहिल्या १२८ चिन्हांना, म्हणजे रोमन अक्षरे व अंकांना, एक बाइट पुरतो. २०४७ क्रमांकापर्यंत दोन बाइट लागतात. त्यापुढे तीन. ग्रीक, रशियन, अरबी या लिपी २०४७ च्या आत बसल्या. देवनागरी अवघ्या २५७ क्रमांकांनी पलीकडे पडली! त्यामुळे आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट.

आता पत्त्यात ठेवताना प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे दोन षोडशमान अंक असा लिहितात. षोडशमान पद्धतीत ० ते ९ नंतर रोमन ए ते एफ ही अक्षरे अंक म्हणून वापरतात, हे आपल्याला माहीत आहे. त्या अक्षरांची नावे आपल्या लिपीत लिहिली तर ‘न’ हे अक्षर असे होते:

%ई०%ए४%ए८

मोजा, नऊ जागा. रोमन ‘एन’ला एकच.

शिवाय चिन्ह म्हणजे आपले अक्षर नव्हे. ‘चंद्राचा’ हा शब्द आपण तीन अक्षरी म्हणू. संगणक त्यात च, अनुस्वार, द, हलन्त, र, काना, च, काना अशी आठ चिन्हे मोजतो. आठ नव्वे बहात्तर जागा. इंग्रजीतला चंद्र चार जागांत मावतो.

मुलांचे संकेतस्थळ ज्या प्रणालीवर उभे होते, तिने स्लगसाठी २०० जागांची मर्यादा घातली होती. इंग्रजीसाठी ही चैन आहे. मराठीत फार तर २२ चिन्हे बसतात. ‘चंद्राचा’ची ८, ‘प्रकाश’ची ६ आणि ‘स्वतःचा’ची ७ मिळून २१ चिन्हे झाली. २१ गुणिले ९ म्हणजे १८९. तीन शब्दांनंतरच्या तीन मोकळ्या जागांसाठी तीन आडव्या रेघा, म्हणून १९२. उरल्या ८ जागा. ‘नसतो’मधल्या ‘न’ला हव्यात ९. एक जागा कमी पडली! अर्धे अक्षर ठेवता येत नाही, म्हणून यंत्र तिथेच थांबले. शेवटी लोंबकळत राहिलेली रेघही त्याने झटकून टाकली आणि नीटनेटके, पूर्णपणे चुकीचे विधान तयार केले.

यात मराठीचा एक स्वभावही आड आला. इंग्रजीत नकार वाक्याच्या मध्ये कुठेतरी येतो. आपल्याकडे ‘नाही’, ‘नसतो’, ‘नव्हे’ हे सगळे शेवटी बसतात. शेपूट छाटणारे यंत्र मराठी वाक्याचे पहिल्यांदा काय छाटणार, तर नकार. ‘साप दूध पित नाही’, ‘ग्रहणात अन्न विषारी होत नाही’ असे मथळे आपण विज्ञानाच्या लेखांना किती आवडीने देतो, ते आठवून पाहा.

दुसरा एक खड्डा याहून लबाड आहे, कारण तो दिसतच नाही. ‘वाऱ्याची दिशा’ हा मथळा घ्या. यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकित करता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त वापरतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे. पत्त्यात मात्र दोन्हींचे बाइट वेगळे, म्हणून पत्तेही वेगळे. एकाने एका पद्धतीने पत्ता ठेवला आणि दुसऱ्याने छापील कागदावरून पाहून दुसऱ्या पद्धतीने टंकित केला, तर ‘पान सापडले नाही’ हे उत्तर मिळू शकते, आणि चूक कुठे आहे ते डोळे फोडून पाहिले तरी दिसत नाही.

यंत्राच्या नावात, म्हणजे पत्त्याच्या टिंबांनी जोडलेल्या भागात, देवनागरीसाठी आणखी तिसराच वेष आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी नाव सुरू झाले, पण आतून ते ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ या रोमन सोंगात फिरते. एकाच पत्त्याच्या दोन भागांत दोन निरनिराळी सोंगे! याच्या तपशिलात आपण शिरणार नाही.

शोधयंत्र पत्त्याकडे कसे पाहते?

सर्वसाधारण समजूत अशी, की पत्त्यात नेमके शब्द घातले की शोधयंत्र आपले पान वर आणते. पत्ता ‘शोधसुलभ’ करून देणारे अनेक सल्लागार हेच सांगतात. गूगलने आपल्या मार्गदर्शक पानांत मात्र स्वच्छ लिहिले आहे, की पत्त्यातल्या शब्दांचा क्रमवारीवर जवळपास परिणाम होत नाही. शोधयंत्र पानावरचा मजकूर वाचते. ‘चंद्रकला’ हा शब्द मजकुरात असेल तर तो पत्त्यात नसला तरी पान सापडते.

मग पत्त्याचा शोधाशी संबंध काय? तो आहे, पण वेगळा आहे.

शोधयंत्राचे फिरते प्रोग्राम एका पानावरच्या दुव्यांवरून दुसऱ्या पानावर जातात आणि वाचलेल्या पानांची सूची करतात. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशीच ही, फक्त पृष्ठक्रमांकाच्या जागी पत्ता. आता पुस्तकातले एकच पान आठ वेगवेगळ्या क्रमांकांनी ओळखले जात असेल तर? महाजालावर हे सहज घडते. पत्ता ‘एचटीटीपी’ने सुरू होतो किंवा ‘एचटीटीपीएस’ने, पुढे तीन डब्ल्यू असतात किंवा नसतात, शेवटी तिरपी रेघ असते किंवा नसते. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ पत्ते झाले. यंत्राच्या नावात रोमन मोठी-लहान अक्षरे सारखीच धरतात, पण पहिल्या एकेरी रेघेनंतर ती वेगळी धरली जातात, तो गोंधळ आणखी निराळा. पत्त्यात प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे रंग, क्रम, पाहुण्याची ओळख असे तुकडे जोडणारी संकेतस्थळे तर एका पानाचे शेकडो पत्ते करतात. ‘पुढचा महिना’ असे बटण असलेले दिनदर्शिकेचे पान फिरत्या प्रोग्रामला इसवी सन ३००० पर्यंत रिकाम्या महिन्यांतून फिरवत बसू शकते. तेवढ्या वेळात मुलांचे प्रयोग वाचायचे राहून जातात. या बहुरूप्यांतला खरा कोणता, हे पानातच सांगून ठेवण्याची सोय फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून केली. सोय आहे म्हणून गोंधळ करावा असे मात्र नाही.

त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे साख. १९९८ मध्ये ब्रिन आणि पेज यांनी मांडलेल्या पद्धतीचा गाभा असा, की ज्या पानाकडे इतर चांगली पाने बोट दाखवतात ते पान मोलाचे. आजची शोधयंत्रे आणखी पुष्कळ गोष्टी पाहतात, पण हा विचार टिकून आहे. आता दुसऱ्या शाळेने तुमच्या पानाकडे बोट दाखवले, तर ते बोट पत्त्याकडे असते. पत्ता बदलला की बोट हवेत राहते. वर्षानुवर्षे कमावलेली साख एका दुपारी जाते.

म्हणून आमचे मत असे, की शोधसुलभ पत्ता म्हणजे मुख्यतः न बदलणारा पत्ता. शब्दांची निवड हा त्यानंतरचा मुद्दा.

क्रमांक बरा की शब्द?

काही प्रणाली आपणहून पत्त्यात नुसते प्रश्नचिन्ह आणि एक क्रमांक देतात, ‘?पी=१२७४’. पिनकोडसारखा अर्थ या क्रमांकाला नाही. हे १२७४ वे टाचण, एवढेच तो सांगतो. वाचणाऱ्याला आत काय आहे ते कळत नाही आणि एक अंक चुकला तर भलतेच पान उघडते. पण त्याचा एक गुण मान्य केला पाहिजे. मथळा कितीदाही बदला, क्रमांक तोच राहतो. म्हणून बरीच संकेतस्थळे क्रमांक आणि शब्द दोन्ही ठेवतात. यंत्र क्रमांक पाहते, माणूस शब्द वाचतो.

शब्द घ्यायचे तर कोणते? बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये ‘चांगले पत्ते बदलत नाहीत’ अशा अर्थाच्या मथळ्याचा एक छोटा लेख लिहिला. तो अजून त्याच जागी आहे, हे सांगायला हवे. पत्त्यातून काय काय वगळावे याची त्यांची यादी वाचताना प्रथम चमत्कारिक वाटते. लेखकाचे नाव नको, विषयाचा कप्पा नको, ‘मसुदा’ किंवा ‘नवीन’ असे शेरे नकोत, फाइलचा प्रकार सांगणारे शेपूट नको. कारण यातले प्रत्येक काही ना काही काळाने बदलते. लिहिल्याची तारीख मात्र चालेल, ती बदलत नाही.

विषयाचा कप्पाही नको? शिक्षकाला हे पटणे जड जाते, आपण तर सगळे कप्प्यांतच शिकवतो. पण समजा कुणी २००५ मध्ये ‘ग्रह/प्लूटो’ असा पत्ता ठेवला. २४ ऑगस्ट २००६ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने प्लूटोला बटुग्रह ठरवले. आता पत्ता तसाच ठेवला तर खोटा, बदलला तर तुटका. ‘सातवी/प्रकाश’ या पत्त्याचे हेच होते. अभ्यासक्रम बदलला, पाठ सहावीत गेला, की पत्ता नापास. नुसते ‘प्लूटो’ आणि ‘प्रकाशाचे-परावर्तन’ म्हटले असते तर काहीच बिघडले नसते.

शब्दांच्या मध्ये आडवी रेघ द्यावी, खालची रेघ नको. दुव्याखाली अधोरेखन आले की खालची रेघ त्यात बुडते आणि वाचणाऱ्याला ती मोकळी जागा वाटते. मोकळी जागा ठेवलीत तर तिचे ‘%२०’ होते.

रोमन की देवनागरी, यावर मुलांमध्ये बराच वाद झाला. एका गटाचे म्हणणे, पान मराठी तर पत्ता मराठीच हवा. दुसऱ्याचे म्हणणे, तो व्हॉट्सअॅपवर पाठवला की टक्क्यांची चार ओळींची माळ होते आणि आजोबा विचारतात हे काय आहे. दोन्ही खरे. मराठी विकिपीडिया पानांची नावे देवनागरीतच ठेवतो आणि तिथे काही अडत नाही, कारण बहुतेक लोक दुव्यावर टिचकी मारून येतात. पण फळ्यावर लिहायचा, फोनवर सांगायचा किंवा कागदावर छापायचा पत्ता रोमन असला तर सोयीचे पडते. रोमन लिपीची अडचणही आपल्या ओळखीची आहे. बाल, बाळ, बल, बळ हे चारही तिथे बी-ए-एल होतात. बळावरच्या पाठाचा पत्ता बालसंगोपनाचा वाटू नये म्हणून जोडीला दुसरा शब्द लागतो.

पत्ता बदलावाच लागला तर

सगळी काळजी घेऊनही कधी पत्ता बदलावा लागतो. तेव्हा जुना पत्ता मोडून टाकायचा नसतो. घर बदलल्यावर आपण पोस्टात नवा पत्ता देऊन ठेवतो, तशी सोय इथेही आहे. जुन्या पत्त्यावर कुणी आले की यंत्र ३०१ हा संकेत देते, अर्थ ‘कायमचे हलले, तिकडे जा’, आणि ब्राउझर मुकाट्याने नव्या जागी पोचतो. शोधयंत्रही जुन्या पत्त्याची साख नव्या पत्त्याकडे वळवते. हे वळण निदान एक वर्ष ठेवावे असे गूगल सांगते. आम्ही म्हणू, काढूच नये. त्याला खर्च नाही. ही सोय केली नाही तर येतो तो प्रसिद्ध ४०४.

हे किती प्रमाणावर घडते? अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये तपासणी प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. शाळांच्या बाबतीत कारण अनेकदा अगदी घरगुती असते. संकेतस्थळाचे नाव एका उत्साही शिक्षकाने स्वतःच्या नावावर घेतलेले असते, ते निवृत्त होतात, वार्षिक शुल्क भरायचे राहते आणि नाव सुटते. नोंदणी शाळेच्या नावावर असावी आणि नूतनीकरणाची तारीख कार्यालयातल्या भिंतीवर लावलेली असावी, एवढी साधी गोष्ट पुष्कळ पाने वाचवू शकेल.

आता आपल्या मुलांकडे. त्यांनी ‘नसतो’ पत्त्यात कसा बसवायचा यावर दोन तास घालवले. ‘स्वतःचा’ काढून पाहिला, ‘चंद्राचा’चे ‘चंद्र’ करून पाहिले. शेवटी ज्या मुलीला चूक दिसली होती तिनेच सुचवले, की नकारच नको. ‘चंद्राचा-उसना-प्रकाश’. १८ चिन्हांच्या १६२ आणि दोन रेघांच्या दोन, एकूण १६४ जागा. मावला. पानाचा मथळा आहे तसाच ठेवला, फक्त स्लग बदलला आणि जुन्या पत्त्यावर ३०१ लावला. भिंतीवर चिकटवायच्या कागदासाठी ‘उसना-प्रकाश’ हा छोटा रोमन पत्ता केला आणि तोही मुख्य पानाकडे वळवला.

मग फोनवरून परीक्षा घेतली. एका मुलाने घरी पत्ता सांगितला, आजोबांनी तो लिहून घेऊन उघडून पाहिला. पान सापडले नाही. आजोबांनी ‘उसना’तल्या ‘स’नंतर एक ‘ए’ घातला होता. त्यांच्याही बाजूने बोलण्यासारखे होतेच. मुलांनी त्याही पत्त्याला ३०१ लावून टाकला.